‘राजा ईडिपस’चं विडंबन पंधराव्या मिनिटाला का आटतं

प्रश्न थोडक्यात असा. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातून घराघरांत पोचलेल्या एका नटाला प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ या शोकात्मिकेचं विडंबन रंगमंचावर करायचं आहे. दहा मिनिटांचं स्किट म्हणून ते मस्त चाललं. त्याचं दीड तासाचं नाटक केल्यावर मात्र तालमीत पंधराव्या मिनिटापासून हशा आटतो. काय चुकतंय आणि दुरुस्त कसं करायचं?

दहा मिनिटांच्या स्किटमध्ये विनोद एकच असतो. अंगात झगा, डोक्यावर मुकुट आणि तोंडी नाक्यावरची भाषा. राजा ‘अरे देवा’ऐवजी ‘आयला’ म्हणतो, लोक हसतात. तो विनोद सात-आठ मिनिटं टिकतो, आणि चालू मालिकांचे, नेत्यांचे, क्रिकेटचे उल्लेख पेरले की बारा. त्यानंतर प्रेक्षकाला राजा पुढे काय बोलणार हे कळलेलं असतं. नटाने कितीही जोर लावला तरी पंधराव्या मिनिटाला जे आटतं ते लेखकाच्या कागदावरच आटलेलं असतं. दीड तास हसवायचं असेल तर हशा खुद्द शोकात्मिकेच्या यंत्रातून काढावा लागतो. सोफोक्लीसचं यंत्र इतकं घट्ट बांधलेलं आहे की त्याचा एकेक स्क्रू नुसता दाखवला तरी हसू येतं. तेव्हा संहिता पुन्हा उघडा आणि मूळ नाटक विनोदाच्या नजरेने नव्हे, उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाच्या नजरेने वाचा.

पहिली दुरुस्ती सुरुवातीची. अथेन्सच्या प्रेक्षकाला ईडिपसची कथा घरून येतानाच माहीत होती. बाप मारला, आईशी लग्न केलं, डोळे फोडून घेतले. मराठी प्रेक्षागृहातल्या निम्म्या लोकांना ती माहीत नसते, आणि टीव्हीच्या सवयीने लेखक ती शेवटी ‘ट्विस्ट’ म्हणून उघडतात. इथे ते साफ चुकतं. पहिल्या सहा मिनिटांत सगळं सांगून टाका, शेवटासकट. सूत्रधार आपल्याकडे आयता आहे, नांदी आहे. त्याच्याकडून वंशावळ वदवून घ्या. चार पायांचा, दोन पायांचा, तीन पायांचा प्राणी कोणता हे स्फिंक्स या राक्षसीचं कोडंही प्रेक्षकांना घाला. उत्तर हमखास येतं, आणि उत्तर देणाऱ्याला सूत्रधार, ईडिपसला मिळालं तसं, थीब्ज नगरीचं राज्य आणि विधवा राणी देऊ करू शकतो. त्या एका वाक्यात नाटकाची निम्मी पूर्वकथा प्रेक्षकाच्या गळी उतरते.

सगळं सांगितल्यावर मूळ संहिता आपणहून हसवू लागते. नगरीत साथ पसरलेली असताना राजा प्रजेपुढे उभा राहून म्हणतो की मारला गेलेला आधीचा राजा लायस जणू माझा बापच आहे असं समजून मी त्याच्यासाठी लढेन. हे सोफोक्लीसचंच आहे, त्यात एक अक्षर घालायची गरज नाही. नटाने ते पूर्ण गांभीर्याने, छाती भरून म्हणायचं आणि टाळीची वाट बघत थांबायचं. इथे डोळा मारला की संपलं. ईडिपसला आपण विनोदी आहोत हे नाटक संपेपर्यंत कळता कामा नये. टीव्हीवर नाव झालेल्या नटाला हे सगळ्यात जड जातं, कारण तिथे कॅमेऱ्याकडे टाकलेली एक नजर हाच त्याचा हुकमी एक्का असतो.

आता यंत्रातल्या फटी. या नाटकात मोठमोठ्या लोकांनी दाखवलेली फट म्हणजे इतकी वर्षं राज्य करून, लायसच्याच बायकोशी संसार करून, लायस मेला कसा हे ईडिपसने कधी विचारलंच नाही. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये हे असंभाव्य आहे असं मान्य करून ते कथानकाच्या बाहेर पडतं म्हणून चालवून घेतलं. व्होल्तेअरने १७१८ मध्ये स्वतःचा ‘ईडिप’ रंगभूमीवर आणला आणि पुढच्या वर्षी छापलेल्या पत्रांतून सोफोक्लीसला याच मुद्द्यावर धरलं. शिवाय ईडिपस या नावाचा अर्थच ‘सुजलेल्या पायांचा’. पायाला लहानपणची जखम, राणीचं स्वतःचं मूल घोटे टोचून टाकून दिलेलं, आणि चार मुलं होईपर्यंत नवऱ्याच्या पायाकडे तिचं लक्ष गेलं नाही. नटाला पहिल्या प्रवेशापासून किंचित लंगडत चालू द्या, त्यावर शब्दही नको. विसाव्या मिनिटापर्यंत प्रेक्षक स्वतः बघू लागतो की स्टेजवरचं दुसरं कोणी हे बघतंय का.

याहून बारीक आणि याहून उपयोगी फट आहे ती आकड्याची. लायसवरच्या हल्ल्यातून वाचलेल्या एकुलत्या एका नोकराने सांगितलं होतं की दरोडेखोर अनेक होते. ईडिपसला आठवतं की तिठ्यावर आपण एकट्यानेच एका म्हाताऱ्याला मारलं होतं. एक म्हणजे अनेक नव्हेत, तेव्हा तो नोकर ‘अनेक’ या शब्दावर कायम राहिला तर मी सुटलो, म्हणून त्याला बोलावणं धाडलं जातं. नोकर येतो. आणि ज्यासाठी बोलावलं तो प्रश्न त्याला कोणीच विचारत नाही! मधल्या काळात चौकशी टाकून दिलेल्या मुलाच्या, म्हणजे खुद्द ईडिपसच्या, जन्माकडे वळलेली असते. मूळ नाटकाच्या वेगात हे लक्षातही येत नाही. विडंबनासाठी मात्र हे घबाड आहे. कोरसच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या नगरजनांच्या, म्होरक्याला हा एकच ध्यास द्या, म्हणजे अर्ध्या तासाचा धागा मिळतो:

म्होरक्या : महाराज, तेवढं आकड्याचं विचारून घ्यायचं होतं.
ईडिपस : थांब! आधी मूल कोणी दिलं ते कळू दे.
म्होरक्या : कळू द्या की. पण एक का अनेक?
कॉरिंथचा दूत : मूल एकच होतं.
म्होरक्या : मी मुलाचं नाही विचारत!

असे सात-आठ अडथळे लागतात, जास्त नाहीत. प्रत्येक वेळी अडवणारा वेगळा आणि कारण मूळ कथानकातलं हवं. मोबाइल वाजला, चहा आला असली बाहेरची कारणं एकदा जरी वापरली तरी धागा तुटतो.

हा नोकरही पाहण्यासारखा आहे. तिठ्यावरच्या हल्ल्यातून वाचला तो हाच, आणि पूर्वी राणीने तान्हं मूल टाकायला ज्या मेंढपाळाकडे दिलं तोही हाच. त्याच्याकडून ते मूल ज्याने घेतलं तो आज ईडिपसला वाढवणाऱ्या राजा पॉलिबसच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेला कॉरिंथचा दूत. थीब्ज दरबारात कर्मचारीभरती बंद आहे की काय, असं वाटावं. हे विधान कोरसला करू द्या, एकदाच.

इथून पात्रवाटपाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. ग्रीक शोकात्मिकेत बोलणारे नट तीनच असत आणि ‘ईडिपस’ तिघांत बसतं. एक नट ईडिपस. दुसरा पुजारी, राणी योकास्ता, मेंढपाळ आणि महालातून बातमी आणणारा दूत. तिसरा राणीचा भाऊ क्रिऑन, आंधळा भविष्यवेत्ता टायरिसिअस आणि कॉरिंथचा दूत. ही वाटणी तशीच ठेवा. दुसऱ्या नटाला योकास्ता म्हणून आत जाऊन मेंढपाळ म्हणून बाहेर यावं लागतं, आणि थोड्या वेळाने योकास्ताने गळफास घेतल्याची बातमीही त्यालाच द्यावी लागते. स्वतःच्या मृत्यूचं इतकं तपशीलवार वर्णन तो कसा करू शकतो, हा प्रश्न ईडिपसला पडायला हरकत नाही.

योकास्ता आत जाते आणि मेंढपाळ येतो यात मुळात कोरसचं एक छोटं पद आहे. तुमच्या प्रयोगात ते पन्नास सेकंदांचं बांधा आणि कपडेबदल चाळीस सेकंदांत बसवा. त्यासाठी आतला अंगरखा तिन्ही भूमिकांना एकच, वरचे कपडे पाठीमागून उघडणारे आणि वेल्क्रोचे, केसांचा टोप आणि डोक्यावरचं वस्त्र एकत्र शिवलेलं. विंगेत कपडेपटाची दोन माणसं, एक डोक्याला, एक अंगाला; नटाने फक्त हात पसरून उभं राहायचं. आठ दिवस घड्याळ लावून याची वेगळी तालीम घ्या. एखाद्या प्रयोगाला उशीर झालाच तर कोरसने शेवटचं कडवं पुन्हा म्हणायचं, आणखी उशीर झाला तर पुन्हा, दर वेळी अधिक करुण. नट वेळेत तयार असला तरी एक आवर्तन मुद्दाम ठेवा, म्हणजे खरी गडबड कोणाला ओळखता येत नाही.

कोरस सोफोक्लीसच्या काळात पंधरा जणांचा होता. तुम्हाला चार पुरतात, पाच परवडले तर उत्तम. एकाच सुरात, एकाच श्वासात बोलणं जमलं पाहिजे. इथे ढिलाई झाली तर विडंबन राहत नाही, गॅदरिंग होतं. पाच जण अचूक एकत्र बोलतात तेव्हाच पाचवा अर्धा सेकंद मागे राहिलेला हास्यास्पद वाटतो.

मुळाचा घाट अचूक पकडायचा हा धडा आजचा नाही. ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या इ.स.पू. ४०५ च्या सुखात्मिकेत एस्किलस आणि युरिपिडीस या दोन शोकात्मिकाकारांची पाताळात जुंपते. युरिपिडीस आपल्या नाटकांच्या प्रस्तावना म्हणू लागतो आणि एस्किलस प्रत्येक प्रस्तावनेला एकच शेपूट जोडतो: ‘…त्याची तेलाची कुपी हरवली’. हे शेपूट दर वेळी बसतं, कारण युरिपिडीसची वाक्यरचना आणि यतीची, म्हणजे ओळीतल्या थांब्याची, जागा ठरलेली आहे. हसू कुपीचं येत नाही, साच्याचं येतं. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’त हेच केलं, वृत्त आणि ऐट तंतोतंत मुळाची, म्हणून वार बसला. त्याच ‘बेडूक’मध्ये दोघांच्या ओळी तराजूत तोलतात, आणि रथावर रथ व प्रेतावर प्रेत रचणारी एस्किलसची ओळ जड ठरते. रंगमंचावर तराजू आला की उपमा वस्तू होते. स्किट लिहिणाऱ्याने हे प्रवेश दहा वेळा वाचावेत.

मराठीत साचा कोणता? जुन्या भाषांतरित नाटकांची आणि स्वगतांची लांब, संस्कृतप्रचुर वाक्यं. ती लिहिताना एक तांत्रिक अडचण येते. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि पंच अलीकडच्या शब्दात असेल तर क्रियापद हशावर पाणी ओततं. ‘ज्या हातांनी स्फिंक्सचा गर्व उतरवला त्याच हातांनी मी आज भोपळा चिरत बसलो आहे’ यात ‘भोपळा’नंतर तीन शब्द उरतात आणि ते हशात बुडतात किंवा हशाला बुडवतात. शब्द उलटे करून ‘चिरतोय… भोपळा!’ केलं तर ते टीव्हीचं होतं. त्याऐवजी क्रियापदच पंच करा: ‘देवांच्या साक्षीने, पूर्वजांच्या आशीर्वादाने, समस्त थीब्जनगरीच्या कल्याणासाठी मी या सिंहासनावर रात्रभर… घोरलो.’ ऐटीचा चढ तीन पायऱ्यांचा, उतार एका शब्दाचा.

एकेका ओळीची सवाल-जवाबी ग्रीक नाटकात ठासून भरलेली असते, आणि विडंबनाला याहून चांगला मुलूख नाही. प्रत्येकाला एकच ओळ मिळेल हा नियम पाळा. माहिती दीड ओळीची असेल तर समोरच्याला अर्ध्यावर ‘पुढे?’ असं विचारून आपली ओळ वाया घालवावी लागते. हा नियम प्रेक्षकाच्या लक्षात आला की पुढचं आपोआप होतं.

तुमच्या मसुद्यात थीब्जची हाउसिंग सोसायटी झाली असेल तर ती काढून टाका. राजाचा सेक्रेटरी केला, साथीचा पाणीकपातीशी मेळ घातला, की पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचा हशा मिळतो आणि पडायला उंचीच उरत नाही. थीब्ज थीब्जच राहू द्या. मराठीपण भाषेतून, सूत्रधारातून, कोरसच्या चालीतून येतं.

योकास्तासाठी विनोदी नट घेऊ नका. ती भूमिका गंभीर नाटकांतल्या, आवाज कमावलेल्या कलावंताकडे द्या आणि त्याला एकही विनोद देऊ नका. १९७१ मध्ये बीबीसीवर मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीने अँटनी-क्लिओपात्राची टर उडवली तेव्हा क्लिओपात्रा होती ग्लेंडा जॅक्सन. त्याच वर्षी तिला ऑस्कर मिळालं होतं. तिच्या वजनामुळेच भोवतालचा गोंधळ गोंधळ वाटतो.

आता रंगमंचाचं. टीव्हीवर भुवई उचलली की क्लोजअप मिळतो. नऊशे-हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात दहाव्या रांगेमागे भुवई पोचत नाही. प्रतिक्रिया मानेत आणि खांद्यात आणा: आधी मान, मग खांदे, मग पावलं, या क्रमाने सावकाश वळणं बाल्कनीपर्यंत दिसतं. हशा चालू असताना पुढचं वाक्य गिळलं जातं, कारण इथे मागाहून कोणी एडिट करत नाही. हशा शिखरावरून उतरून तिसऱ्या हिश्श्यावर आला की बोलायचं, पूर्ण विझण्याची वाट बघायची नाही. स्किटमध्ये पंधरा सेकंदांना एक पंच लागतो. इथे तो वेग ठेवलात तर प्रेक्षक चाळीस मिनिटांत दमतो. मिनिटाला दोन आणि सहा-सात मिनिटांनी एक मोठा स्फोट, ही चाल दोन अंकांना झेपते.

ग्रीक नटांसारख्या मुखवट्याचा पेच असा की प्रेक्षकाने तिकीट चेहऱ्याचं काढलेलं असतं. म्हणून काठीवर धरायचा मुखवटा करा. कागदाच्या लगद्याचा, पाव किलोच्या आत, नाहीतर दुसऱ्या अंकात मनगट खाली येतं. राजा बोलतो तेव्हा मुखवटा वर, माणूस गोंधळतो तेव्हा खाली. माईक मुखवट्यात बसवू नका, आवाज पिंपातून आल्यासारखा घुमतो. तो कपाळावर केसांच्या रेषेत चिकटवा. उंच टाचांचे जाडजूड बूट हा ‘ग्रीक’ वाटणारा प्रकार सोफोक्लीसच्या काळातला नाही, तो नंतरचा. तेव्हाचं पादत्राण पातळ तळव्याचं, मऊ होतं. लंगडणाऱ्या नटाच्या घोट्यासाठीही तेच बरं.

ग्रीक रंगभूमीवर हिंसा सहसा प्रेक्षकांसमोर होत नसे, प्रेतं चाकांच्या फळीवरून बाहेर आणत. ही फळी हवीच. सहा बाय चार फूट, लोखंडी सांगाडा, वर १८ मिलिमीटर प्लायवूड, चार इंची रबरी चाकं. मागची दोन स्थिर आणि पुढची दोन फिरती ठेवा. चारही फिरती घेतली तर फळी तिरपी जाऊन विंगेला धडकते. दौऱ्यासाठी तीन बाय चारचे दोन तुकडे, मध्ये बोल्ट. फळी मध्येच अडकण्याचा विनोद नक्की घ्या, पण तो ठरलेल्या जागी, जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर. दुसरीकडे कुठे अडकली तर ती खरी अडकली आहे हे बॅकस्टेजला ताबडतोब कळतं. क्रेनवरून उतरणारा देव मात्र या नाटकात नाही. तो युरिपिडीसच्या नाटकांत भेटतो, इथे घुसडू नका.

मध्यंतर कुठे घ्यायचं हे सोफोक्लीसनेच ठरवून ठेवलं आहे. सुमारे पंधराशे तीस ओळींच्या नाटकात, जवळजवळ बरोबर मध्यावर, योकास्ता नवऱ्याची समजूत काढताना सहज बोलून जाते की लायस तीन रस्ते मिळतात तिथे मारला गेला. ईडिपस दचकतो. ‘तिठ्यावर?’ एवढंच म्हणू द्या आणि अंधार करा.

आई-मुलाच्या नात्यावर थेट विनोद एकही नको. प्रेक्षक आईला शेजारी बसवून आलेला असतो. एक चावट वाक्य आलं की पुढची दहा मिनिटं तो तिच्याकडे न बघण्यात घालवतो. तिथे कोरसची अवघडलेली शांतता पुरते. आंधळ्या टायरिसिअसच्या आंधळेपणावरही नको. विनोद हा की डोळस राजाला दिसत नाही ते त्याला दिसतं. डोळे फोडल्याची हकीगत सांगणाऱ्या दूताचं भाषण मुळात साठेक ओळींचं आहे. विडंबन त्या लांबीचं करा. आत धावू पाहणाऱ्या कोरसला तो दर वेळी ‘अजून सांगून झालेलं नाही’ म्हणून थांबवतो.

दोन कागदी बाबी. सोफोक्लीसवर कोणाचा हक्क नाही, पण मराठी भाषांतरांवर आहे. भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. पु. लं.चं ‘राजा ओयदिपौस’ वाचा, त्यातलं वाक्य उचलू नका. आणि प्रयोगाआधी संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून स्टेजवर सुचेल ते बोलण्याची टीव्हीची सवय तालमीतच उधळून घ्या.

तालीम तीस दिवसांची धरा. पहिले आठ दिवस ‘ईडिपस’ सरळ बसवा, गंभीर, एकही विनोद न घालता. निर्माता कुरकुरेल, नटही. पण याच आठ दिवसांत फटी कुठे आहेत ते अंगाला कळतं. नवव्या दिवसापासून विनोद आत घ्या आणि जो मूळ हेतूला धक्का लावून उभा राहतो तो काढून टाका. राजाचा हेतू कायम एकच: खुनी शोधणे.

शेवटाची पाच मिनिटं हसवू नका. नट घाबरेल, कारण शांतता म्हणजे पडलेला अंक असं टीव्हीने शिकवलेलं असतं. ईडिपस मुखवटा फळीवर उपडा ठेवतो आणि विंगेत जातो. कोरसही जातो. उरतात म्होरक्या आणि मेंढपाळ, आणि आता अडवायला कोणी नाही. म्होरक्या विचारतो, “तिठ्यावर किती जण होते?” मेंढपाळाने वर न बघता, आवाज न चढवता उत्तर द्यायचं: “एकच.” त्यावर दिवे तीन सेकंदांत उतरवा, पाच घेतलेत तर कोणीतरी टाळी वाजवतं.